दोन मात्रा कमी

ल्युशस टार्पलीपुढे सुरांचा कागद ठेवला की तो वाजवणारच. लॉजच्या, म्हणजे गल्लीतल्या बंधुमंडळाच्या, बँडमध्ये बावीस वर्षं पहिली खुर्ची त्याची. तिथले लोक म्हणत, कागदावर माशी बसली तर ल्युशस तीही वाजवेल, आणि वर तालात वाजवेल. मिरवणूक असो, मयत असो, चर्चचा वाढदिवस असो, टेनर सॅक्सोफोन गळ्यात अडकवून हा माणूस कागदाबरहुकूम चालायचा. कागद काढून घेतला की संपलं. मग त्याच्या हातात नुसतं पितळ उरायचं.

आता उत्तर फिलाडेल्फियात, कोलंबिया अव्हेन्यूच्या आसपास राहून असं असणं म्हणजे मोठंच व्यंग. तिथं न्हाव्यापासून टपालवाल्यापर्यंत जो तो जॅझ वाजवायचा, आणि जॅझमध्ये कागद लागतो तो धून सांगण्यापुरता. धून एकदा वाजवून झाली की खाली कॉर्डांची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यांची, साखळी फिरत राहते आणि तिच्यावर ज्यानं त्यानं आपलं आपण, उभ्या उभ्या रचायचं. ब्लूजची साखळी बारा खणांची, खणात चार मात्रा. बारा संपले की पुन्हा पहिला. शाळकरी मुलीसुद्धा हे बारा खण डोळे मिटून फिरून यायच्या. ल्युशस एक्कावन्न वर्षांचा होता आणि तिसऱ्या खणात हरवायचा.

हेही त्यानं गिळलं असतं. पण त्याची मुलगी आर्डीलिया पियानोवर बसायची. सुरांचं वाचन तिला ल्युशसनंच शिकवलं होतं, मांडीवर फूटपट्टी घेऊन. बारा वर्षांची झाली आणि पोरीनं कागद बाजूला सारला, तो कायमचा. सतराव्या वर्षापासून ती दर शनिवारी दुपारी चार ते सात क्लेमन्सच्या टॅपरूममध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या दारूच्या गुत्त्यात, होझिया क्रम्पच्या त्रिकुटात वाजवत होती. आणि ल्युशस दर शनिवारी तिसऱ्या टेबलाशी बसायचा. सॅक्सोफोनची केस टेबलाखाली, बंद.

"उघडायची नाही तर उचलून नेतोस कशाला?" त्याची बायको कोरीन विचारायची.

"असू दे," तो म्हणायचा.

केस बंद राहण्याला कारण होतं. आर्डीलियाला तिथं वाजवायला लागून महिनाही झाला नव्हता तेव्हा ल्युशस एकदा त्रिकुटाबरोबर वाजवायला मंचावर चढला होता. आठवडाभर घरी बसून त्यानं आपलं 'उत्स्फूर्त' वादन सुवाच्य अक्षरात लिहून काढलं होतं. तो कागद त्यानं सगळ्यांदेखत स्टँडवर लावला, वारा लागू नये म्हणून कपड्यांचा चिमटाही लावला. ड्रमवर बसलेल्या होझियानं काठ्या खाली ठेवल्या.

"काय रे टार्पली, समन्स बजावायला आलायस का?"

सगळी टॅपरूम हसली. मग होझियानं मुद्दाम लय दुप्पट धरली. चौथ्या खणात ल्युशसची आणि कागदाची फारकत झाली, आणि उरलेले आठ खण तो वाद्य तोंडात धरून नुसता उभा राहिला. ते चाललं असतं. लोक हसतात आणि विसरतात. पण एवढ्या वेळात आर्डीलियानं एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. ते तिचं खाली बघणं ल्युशसच्या मनात जे रुतलं ते रुतलंच.

ल्युशस रिज अव्हेन्यूवरच्या एका ड्रायक्लिनिंगच्या दुकानात इस्त्रीवाला होता. वाफेचं मोठं प्रेस, पायानं दाबायचं. होझिया आपला पट्ट्यापट्ट्यांचा सूट न्यायला आला तेव्हा ल्युशसनं एकदाचा अभिमान गिळला आणि विचारलं, "हे सगळं तू आणतोस कुठून?"

"कुठून म्हणजे? चोरतो," होझिया म्हणाला. "सगळेच चोरतात. एखादी रेकॉर्ड घे, तिच्यातला एक तुकडा उचल. दोन खणांचा, चारांचा, जास्त नाही. परतायच्या वाटेवरचा घे. दुसरी कॉर्ड, पाचवी कॉर्ड, मग घर, म्हणजे जिथून निघालो ती पहिली कॉर्ड. सगळी गंमत तिथं असते. तो तुकडा बाराही पट्ट्यांत बसव. मग दुसरा उचल. पुरेसे झाले की ते आपसात बोलायला लागतात."

"आणि लिहून ठेवायचे?"

"लिहिलंस तर बोटं तोडीन! आणि मोजू नकोस, बाबा. तुझा सगळा रोग मोजण्याचा आहे. वाजवताना तुझ्या भुवया मोजतात, ठाऊक आहे? मागं बसलेल्या माणसालाही कळतं, टार्पली तिसऱ्या मात्रेवर आला."

ल्युशसनं मान डोलावली आणि लगेच पहिल्या तुकड्यापासून लिहायला सुरुवात केली. स्वभावाला औषध कुठून आणणार! कपड्यांना टाचायच्या पिवळ्या चिठ्ठ्या दुकानात ढिगानं होत्या. मागच्या बाजूला पाच रेषा मारायच्या, तुकडा उतरवायचा, नंबर घालायचा. आर्डीलियाच्या कानावर जायला नको म्हणून त्यानं घरचा जुना फोनोग्राफ दुकानाच्या मागे बॉयलरच्या खोलीत आणून ठेवला होता. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास आणि संध्याकाळी दुकान आवरल्यावर एक तास. सुई ठेवायची, ऐकायचं, उचलायची, पुन्हा ठेवायची.

"अहो मिस्टर टार्पली," काउंटरवरची ओपल आत डोकावून म्हणायची, "सोमवारपासून तेच आठ सेकंद चाललेत. शर्टांनासुद्धा पाठ झालं आता."

"अजून बसला नाही."

"तुमचा बसेल तेव्हा बसेल, माझं डोकं उठलंय त्याचं काय?"

अकरा महिन्यांत एकतीस तुकडे झाले. बाराही पट्ट्यांत. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी एकोणिसावा तुकडा कुठल्याही पट्टीत त्यानं बिनचूक वाजवून दाखवला असता. आणि तरीही काही होत नव्हतं! ते आपसात बोलायला लागतात म्हणाला होता होझिया. कुठले बोलतात! इस्त्री करून टांगलेल्या शर्टांसारखे होते ते. प्रत्येकाची कॉलर कडक, आणि आत माणूस नाही. सातव्याला एकोणिसावा जोडावा तर मधे खड्डा पडायचा. खड्डा भरायला दोन सूर आपले घालावेत म्हटलं तर आपले सूर म्हणजे कुठले, इथंच गाडी अडायची. एका बुधवारी त्यानं संतापून बॉयलरला लाथ घातली. अंगठा तीन दिवस सुजला होता. घरी सांगितलं, हँगरांचा रॅक पडला.

त्याच आठवड्यात शुक्रवारी, तळलेला मासा ताटात असताना, आर्डीलियानं बातमी सांगितली. एका फिरत्या बँडला पियानोवाली हवी होती. येत्या तिसऱ्या रविवारी सकाळी नऊच्या बसनं शिकागो. पुढं बँड नेईल तिकडं.

"परत कधी?" ल्युशसनं विचारलं.

"ते कोण सांगणार, डॅडी? दोन वर्षं, तीन वर्षं."

"शिकागोलाच चाललीय, चंद्रावर नाही," कोरीन म्हणाली आणि उठून कॉर्नब्रेड आणायला गेली. ती बराच वेळ आली नाही.

ल्युशसला त्या रात्री एकच हिशोब सुचला: तीन शनिवार. तीन शनिवारांच्या आत एकदा, फक्त एकदा, तिच्या पियानोशेजारी उभं राहून बारा खण आपले आपण फिरून यायचं. आणि ती तेव्हा हातांकडे बघता कामा नये. तिनं आपल्याकडे बघायला हवं. एवढं झालं नाही तर ती तेच जुनं चित्र मनात घेऊन जाईल, चिमट्याचं आणि कागदाचं, आणि जगात कुठंही कुणी तिला विचारलं की तुझे वडील वाजवतात का गं, तर तिला तेच आठवेल.

पहिला शनिवार गेला. दुसरा गेला. टेबलाखालची केस त्यानं पायानं चाचपली, उघडली नाही. संताप स्वतःचाच येत होता, आणि तो काढायला जागा नव्हती. चर्चच्या डीकन साहेबांच्या पांढऱ्या पँटवर त्यानं प्रेस जरा जास्त वेळ दाबून धरलं आणि मागच्या बाजूला तांबूस डाग पाडला. ओपलनं ती पँट उंच धरून पाहिली. "हा कितवा तुकडा?" तिनं विचारलं.

शेवटच्या आठवड्यात त्यानं चिठ्ठ्यांना हात लावायचं सोडलं. रेकॉर्डांच्या पेटीच्या तळाशी एक जुनी रेकॉर्ड होती, युद्धाच्या काळात घेतलेली. लेबल घासून पांढरं झालेलं, कोण वाजवतोय ते वाचता येत नव्हतं. कुणी टेनरवाला होता, मध्यम लयीचा ब्लूज. घरात वर्षानुवर्षं वाजलेली, इतकी की तिची खरखर हाही गाण्याचाच भाग झाला होता. तिच्यात नवव्या खणापासून परतायच्या वाटेवर एक तुकडा होता. वरून घरंगळत येतो, मधेच एक उडी मारतो आणि कुणाला कळायच्या आत घरी येऊन बसतो. ल्युशसला तो पहिल्यापासून आवडायचा. मग त्यानं ठरवलं, ऐकूया होझियाचं. हा तुकडा लिहायचा नाही. मोजायचाही नाही. नुसता ऐकायचा आणि वाजवायचा. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तो बोटांत आला, आणि त्या वर्षात पहिल्यांदा ल्युशसला बॉयलरच्या खोलीत बरं वाटलं.

शनिवारी क्लेमन्सकडे उभं राहायला जागा नव्हती. आर्डीलियाला निरोप द्यायला सगळी गल्ली लोटली होती. पावणेपाचला ल्युशसनं टेबलाखालून केस काढली आणि उघडली. आजूबाजूची माणसं गप्प झाली, हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

"कागद आणलायस?" होझियानं ड्रमवरून विचारलं.

"नाही."

"चिमटा?"

"नाही रे बाबा."

आर्डीलियानं त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवल्यासारखं दिसत होतं. "कुठली पट्टी, डॅडी?"

"एफ. ब्लूज." त्यानं बोटांनी मांडीवर लय दाखवली.

पहिली फेरी त्यानं निभावली. चौथा तुकडा, मग दहावा, मग बाविसावा. सगळे जागच्या जागी पडले आणि सगळे निर्जीव. लोक सभ्यपणानं ऐकत होते. ल्युशसला स्वतःच्या भुवया हलतायत असं वाटलं आणि तो त्या ताठ धरायच्या नादात दुसऱ्या फेरीच्या तिसऱ्या खणात फसला. सतरावा काढायचा होता, बोटांनी सातवा काढला. तो अर्ध्यात सोडून एकोणिसावा धरला, तोवर कॉर्ड बदलून गेली होती. मग तोच तुकडा पुन्हा. आणि पुन्हा.

"टार्पली, पान उलट!" काउंटरकडून कुणीतरी ओरडलं.

हशा झाला. ल्युशसनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पियानोकडे पाहिलं. आर्डीलियाची मान खाली गेली होती. ती हातांकडे बघत होती.

अकरा महिने! एकतीस तुकडे, बारा पट्ट्या, सुजलेला अंगठा, डीकनची पँट, आणि शेवटी हेच! वाद्य काढून होझियाच्या डोक्यात घालावं असं त्याला वाटलं, जरी त्या बिचाऱ्यानं आज काही केलं नव्हतं. खाली उतरायला हरकत नव्हती. पण उतरायचं तर फेरी संपल्यावर, एवढी शिस्त लॉजच्या बँडनं लावली होती. तिसरी फेरी सुरू झाली आणि त्यानं काही रचायचा नाद सोडला. आठ खण नुसते लांब सूर धरले, एकेक, जड. नववा खण आला, परतायची वाट आली, आणि बोटांनी त्याला न विचारता त्या जुन्या रेकॉर्डवरचा तुकडा काढला. वरून घरंगळला, उडी मारली, घरी येऊन बसला.

आणि सगळं कोसळलं. त्रिकुटातला बासवाला अजून वाटेवरच होता. होझियाची काठी भलत्याच जागी पडली. दोन मात्रा! ल्युशस सगळ्यांच्या दोन मात्रा आधी घरी पोचला होता.

पण खाली पियानो होता. पूर्ण कॉर्ड, दोन्ही हातांनी, नेमकी त्याच्या सुराखाली, त्याच क्षणी. आर्डीलिया त्याच्याबरोबर आली होती. तिनं मान वर केली होती, तोंड उघडं होतं, आणि ती त्याच्याकडे बघत होती.

होझियानं कसाबसा ताल सावरला, धून गुंडाळली आणि काठ्या मांडीवर आपटल्या. "माझ्या दोन मात्रा कुणी खाल्ल्या? हा चुकला म्हणावं तर ही पोरगीही त्याच जागी! गेल्या दोन वर्षांत ही कधी अर्धी मात्रा हलली नाही. हा काय प्रकार आहे?"

"ते तिथं तसंच आहे," आर्डीलिया म्हणाली.

"कुठं?"

"आमच्या घरी."

कुणाला काही कळलं नाही. ल्युशसलाही लगेच नाही. मग त्याला कळलं आणि तो केस न घेताच बाहेर फुटपाथवर गेला.

बाहेर लख्ख ऊन होतं. आर्डीलिया मागोमाग आली. तो भिंतीला टेकला होता, वाद्य अजून गळ्यात.

"चरा," तो म्हणाला. "रेकॉर्डवरचा चरा. सुई तिथं एक खाच ओलांडते. दोन मात्रा गाळते. आणि मी ते शिकत बसलो! एकदा, आयुष्यात एकदा मोजायचं नाही ठरवलं, आणि काय शिकलो तर चरा!"

"छान शिकलात."

"थट्टा करू नकोस."

"नाही करत. डॅडी, तो चरा मीच पाडला. आठवतं?"

त्याला आठवलं. ती सात वर्षांची होती. खुर्चीवर चढून त्याच एका जागी सुई पुन्हा पुन्हा मागं ओढत होती. त्यानं तिच्या हातावर फूटपट्टी मारली होती, रेकॉर्ड खेळणं नाही म्हणाला होता, आणि फोनोग्राफ ट्रंकेत घालून कुलूप लावलं होतं. उन्हाळाभर.

"तुला तो तुकडा हवा होता," तो हळूच म्हणाला.

"हो. तुम्ही कुलूप लावलंत, मग मी तो पियानोवर शोधत बसले. नेमका सापडेना, तर जे सापडेल ते वाजवायचे. सगळा उन्हाळा. तिथूनच सुरू झालं सगळं."

ल्युशसला काय वाटावं ते कळेना. ज्याच्यासाठी तो अकरा महिने डोकं आपटत होता, ते या पोरीला त्याच्या एका कुलपानं मिळालं होतं. याचा अभिमान धरावा की लाज, हे ठरवायला वेळ लागला असता, आणि उद्या सकाळी नऊला बस होती.

"मला काहीच आलं नाही, डीली," तो म्हणाला. "एक सूरसुद्धा माझा नव्हता आज."

"नव्हता," ती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "पण तो तुकडा जगात असा दोघांनाच येतो."

दारातून होझियाचं डोकं बाहेर आलं. त्याला घाम फुटला होता आणि तो भलताच चिडलेला दिसत होता. "आत या दोघंही! मला त्या दोन मात्रा समजल्याशिवाय मी आज घरी जाणार नाही."

ती दोघं आत गेली. लोकांनी वाट दिली. पुन्हा एफ, पुन्हा तीच लय. ल्युशसनं आठ खण लांब सूर धरले, नवव्याला तुकडा काढला, उडी मारली, आणि बापलेक एकदम घरी येऊन बसली. होझिया दोन मात्रा मागं. पुन्हा केलं. होझिया पुन्हा मागं. तिसऱ्यांदा तो एक मात्रा पुढं गेला आणि त्यानं झांजेला शिवी दिली. टॅपरूम हसून हसून लोळायला आली.

"असं कसं होतं हे? मी तर बरोबर धरतोय!"

ल्युशसनं तोंडातून वाद्य काढलं. "होझिया," तो म्हणाला, "तुझ्या भुवया मोजतायत."

हशा थांबायच्या आत आर्डीलियानं बापाकडे बघत पुन्हा पहिल्या खणाची कॉर्ड धरली.